अडीच ग्रॅमच्या ल्युअरला कोणता रॉड?

गळाने मासे धरणाऱ्यांच्या या वेळच्या पत्रांचा रोख जवळजवळ एकाच गोष्टीवर आहे: बारीक, हलके ल्युअर, म्हणजे माशाला भुलवायची खोटी आमिषं, लांब का जात नाहीत आणि त्यासाठी रॉड कसा निवडायचा. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून हीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: माझ्याकडं सात फुटी मीडियम रॉड आहे, त्यावर १०–३० ग्रॅम लिहिलंय. रीळ ४००० साइजचं, लाइन ०.३० मिमी नायलॉन. पंचगंगेवर शिवाजी पुलाच्या खालच्या अंगाला आणि प्रयाग चिखलीकडं अडीच ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्युअर) टाकायचा असतो. कितीबी जोर लावला तरी पंधरा-वीस फुटांच्या पुढं जाईना. दुकानदार म्हणतोय अल्ट्रालाइट रॉड घ्या. नेमका कोणता घेऊ?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: रॉड घ्यावा लागेलच, पण सगळ्यात शेवटी. आधी ल्युअरचं खरं वजन बघायचं, मग लाइन, मग रीळ आणि मग रॉड. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. महागडा रॉड आणतात, जुनी जाड लाइन त्याच्यावर तशीच चढवतात आणि मग रॉडला शिव्या घालतात.

लाइनचा हिशेब करून बघा. ०.३० मिमी नायलॉनचं एक मीटर साधारण ०.०८ ग्रॅम भरतं. ल्युअर २५ मीटरवर पडायचा असेल तर त्याच्यामागे दोन ग्रॅम लाइन ओढली जाणार. म्हणजे अडीच ग्रॅमच्या स्पिनरने जवळपास स्वतःच्या वजनाइतका दोरा हवेतून न्यायचा, तोही गाइडच्या, म्हणजे रॉडवर लाइन ज्यांतून जाते त्या, कड्यांना घासत. तीच लाइन ०.१६५ मिमी केली की २५ मीटरला ०.६ ग्रॅमच लागतात आणि ब्रेडेड, म्हणजे पदर विणून केलेली लाइन पीई ०.६ (हे माप खाली सांगितलंय) घेतली तर ०.३३ ग्रॅम. त्यात जाड नायलॉनला स्पूलवरची, म्हणजे रिळाच्या लाइन गुंडाळायच्या चकतीवरची, वेटोळी लक्षात राहतात. हलक्या ल्युअरला ती सरळ करायचं बळ नसतं, त्यामुळे प्रत्येक वेटोळं पहिल्या गाइडवर जाऊन आपटतं. तुमच्या फेकीतला बराचसा जोर तिथेच मरतो. नवीन रॉड घ्यायच्या आधी नुसती लाइन बदलून एकदा नदीवर जाऊन या. फरक तेवढ्यावरच दिसेल.

रीळ १००० ते २००० साइजचं, उथळ स्पूलचं घ्या. शिमानो आणि दायवाच्या रिळांवर आकड्यापुढे 'एस' असेल तर स्पूल उथळ आहे असं समजायचं. अशा स्पूलवर बारीक लाइन १००–१५० मीटर भरली की काठापर्यंत येते, खाली नायलॉनचा थर द्यावा लागत नाही. रिळाचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास किंवा कमी असावं. ४००० चं रीळ हलक्या रॉडला लावलं तर सगळा तोल मुठीच्या मागे जातो. टोक हलकं लागतं ते चांगलंच, पण मनगटाचा झटका नीट बसत नाही आणि तासाभरात हात भरून येतो.

आता रॉड. हात मागे जाऊन पुढे येताना ल्युअरचं वजन टोकाला मागे खेचतं, टोक वाकतं आणि सरळ होताना ल्युअरला भिरकावतं. तुमचा १०–३० ग्रॅमचा रॉड अडीच ग्रॅमला वाकतच नाही. मग फेक नुसत्या दंडाच्या जोरावर होते. जोर वाढवला की ल्युअर कधी पायाशी आपटतो, कधी सरळ आभाळात जातो, कारण बोटातून लाइन सोडायचा क्षण फार छोटा होतो. रॉड वाकत असेल तर तो क्षण लांबतो आणि चूक झाली तरी फेक बऱ्यापैकी जाते. हलका रॉड हवा तो एवढ्यासाठी.

रॉडवरचे दोन आकडे म्हणजे किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंतचे ल्युअर फेकायचे त्या मर्यादा. बहुतेक जण वरचा आकडा बघून घेतात. तुम्हाला बघायचा आहे खालचा, आणि तोही जरा संशयाने, कारण कंपन्या तो उदार हाताने लिहितात. १–७ ग्रॅम लिहिलेल्या रॉडने एक ग्रॅम 'जातो' खरा, पण मजा येते तीन ते पाच ग्रॅमला. म्हणून तुमचा रोजचा ल्युअर त्या दोन आकड्यांच्या मध्यावर पडेल असा रॉड घ्या. अडीच ग्रॅमसाठी ०.५–५ किंवा १–५ ग्रॅम. तीन ते सहा ग्रॅम जास्त वापरणार असाल तर १–७ किंवा २–८. एकाच रॉडवर एक ग्रॅमचा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) आणि दहा ग्रॅमचा क्रँकबेट (ओढताना बुडी मारणारा, माशाच्या आकाराचा ल्युअर) हा हट्ट सोडून द्या. 'अल्ट्रालाइट' या शब्दावरही जाऊ नका. त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा अल्ट्रालाइट दुसऱ्या कंपनीच्या लाइटपेक्षा ताठ निघतो.

लांबी सहा ते साडेसहा फूट, म्हणजे १८३ ते १९८ सेंटिमीटर. घाटावरून, बंधाऱ्यावरून किंवा उंच काठावरून टाकणार असाल तर साडेसहा, क्वचित सात. रॉड लांब असेल तर टोक जास्त वेगाने फिरतं आणि पाण्यावरची लाइन उचलून धरता येते. पण काठाला ऊस आणि करंज माजलेली असतील तिथे साडेपाच फूटच बरा, नाहीतर प्रत्येक फेक झाडात.

ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. एक्स्ट्रा फास्ट रॉडचा फक्त शेंडा वाकतो. दुकानात तो झकास वाटतो, पण दोन ग्रॅमला साठवायला त्याच्याकडे जागा थोडी असते. हलक्या ल्युअरला रेग्युलर किंवा रेग्युलर-फास्ट घ्या, वरचा तिसरा हिस्सा किंवा जवळपास अर्धा रॉड वाकणारा. त्याचा आणखी एक फायदा असा की बारीक गळ तोंडातून उपटून येत नाही आणि चार पौंड जोराची बारीक लाइन झटक्याने तुटत नाही.

शेंडा पोकळ की भरीव, हाही प्रश्न येतोच. भरीव, म्हणजे सॉलिड टिप, फार मऊ असते. एक ग्रॅमच्या आसपासचे जिग आणि हळू ओढायचे रबरी ल्युअर यांना ती चांगली, कारण मासा तोंडात घेताना त्याला ताठरपणा जाणवत नाही. पण फेकीनंतर ती थरथरत राहते, लाइन त्या थरथरीत गाइडवर आपटते आणि अंतर कमी होतं. स्पिनर आणि छोटे प्लग (कडक अंगाचे, माशाच्या आकाराचे ल्युअर) टाकणाऱ्याने पोकळ टिप घ्यावी. तुम्ही स्पिनरवाले आहात, तेव्हा पोकळ.

दुकानात रॉड नुसता हवेत फटकारून काही कळत नाही. रीळ लावा, लाइन सगळ्या गाइडमधून ओवा आणि टोकापासून अर्धा मीटर खाली एक रुपयाचं नाणं चिकटपट्टीने बांधा. ₹ चिन्ह असलेलं, २०११ पासूनचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे, २०१९ च्या मालिकेतलं छोटं नाणं ३.०९ ग्रॅमचं. आता न सोडता, हलक्या मनगटाने मागे-पुढे झुलवा. वरचा तिसरा हिस्सा लवताना डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसतं टोकाचं गाइड मान डोलावत असेल तर रॉड तुमच्यासाठी ताठ आहे. मग झुलवणं एकदम थांबवा. एक-दोन हेलकाव्यांत टोक शांत व्हायला हवं.

दोन रॉडांत ठरत नसेल तर आणखी एक रीत आहे. मूठ टेबलावर आडवी घट्ट धरायची, टोकाला प्लॅस्टिकची पिशवी टांगायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत नाणी टाकत जायची. साडेसहा फुटी रॉडला ते ६६ सेंटिमीटर होतं. ज्याला कमी नाणी लागली तो मऊ. अमेरिकेत रॉड बनवणारे हेच माप एका सेंटच्या नाण्यांनी काढतात. १९८२ नंतरचा सेंट अडीच ग्रॅमचा असतो. दुकानदाराने डोळे वटारले तर त्याला नाणी मोजायला लावा, तोही रमतो.

गाइडची कडी नखाने फिरवून बघा, एखादी सैल असेल तर तो रॉड नको. साडेसहा फुटी रॉडला टोक धरून सात ते नऊ गाइड असावेत. त्याहून कमी असतील तर रॉड वाकल्यावर ताण सगळ्या रॉडवर सारखा वाटला जात नाही.

प्रश्न: ल्युअरच्या पाकिटावर १/१६, १/८ असं औंसात लिहिलेलं असतं आणि रॉडवर ग्रॅम. आणि रॉडवर '२–६ एलबी' असंही असतं, ते काय?
— उचगाव

उत्तर: औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. त्यावरून १/३२ म्हणजे ०.९, १/१६ म्हणजे १.८, १/८ म्हणजे ३.५, ३/१६ म्हणजे ५.३ आणि १/४ म्हणजे ७.१ ग्रॅम. 'एलबी' हा लाइनचा पौंडातला जोर आहे, ल्युअरच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.

एक खोच मात्र लक्षात ठेवा. जिगहेडवरचं वजन बहुतेक वेळा नुसत्या शिशाच्या डोक्याचं असतं. १.८ ग्रॅमच्या जिगला दोन इंची रबरी मासोळी लावली की ऐवज तीन ग्रॅमच्या घरात जातो. उलट, स्वस्त स्पिनरच्या पाकिटावर ३ लिहिलेलं असतं आणि आत २.४ निघतो. तेव्हा डबाभर ल्युअर एकदाच तोलून घ्या. ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा मिळतो. नाहीतर गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर दुपारच्या मोकळ्या वेळात त्याच्या काट्यावर पाच मिनिटांचं काम आहे. वजन डब्याच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवा.

प्रश्न: मी यंत्रमागावर असतो, त्यामुळे सुताचं डेनियर कळतं. पण ब्रेडेड लाइनवर पीई ०.४, ०.६, १ असं असतं ते कशावरून? आणि हलक्या ल्युअरला कितीची घ्यायची?
— इचलकरंजी

उत्तर: तुम्हाला हे बाकीच्यांपेक्षा लवकर समजेल, कारण पीईचा आकडा डेनियरवरूनच आलेला आहे. जपानी मापात पीई १ म्हणजे २०० डेनियर: ९००० मीटर लाइनचं वजन २०० ग्रॅम. मग ०.६ म्हणजे १२० आणि ०.४ म्हणजे ८० डेनियर. शाहूपुरीच्या वाचकांना दिलेला ०.३३ ग्रॅमचा हिशेब याच भागाकाराचा आहे. जाडी साधारण पीई १ ला ०.१६५ मिमी, ०.६ ला ०.१२८ आणि ०.४ ला ०.१०४. पाकिटावर जाडी आणि पौंड दोन्ही छापलेले असतात, पण स्वस्त लाइनवर दोन्ही आकडे सोयीचे असतात. ०.१० मिमी आणि २० पौंड असं एकत्र दिसलं तर यातला एक आकडा नक्की थापेचा.

दोन-तीन ग्रॅमला पीई ०.४ ते ०.६ घ्या. नदीत दगड आणि झुडपं आहेत, म्हणून सुरुवात ०.६ ने. चार पदरी लाइन जरा खरखरीत असते, फेकताना गाइडमध्ये आवाज करते, पण तिचा एकेक पदर जाड असल्याने दगडावर जास्त टिकते. आठ पदरी गुळगुळीत असते आणि थोडी लांब जाते. बंधाऱ्याच्या दगडांत चार पदरी, मोकळ्या पाण्यावर आठ पदरी.

ब्रेडला थेट ल्युअर बांधायचा नाही. पुढे फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधला तुकडा, हवा, चार ते सहा पौंडांचा, म्हणजे ०.१६५ ते ०.२०५ मिमी. त्याची लांबी अशी ठेवा की ल्युअर टोकापासून अर्धा मीटर लोंबत असताना जोडाची गाठ टोकाच्या गाइडच्या बाहेरच राहील, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आत. हलक्या रॉडचे गाइड बारीक असतात. गाठ आत असेल तर फेकीच्या ऐन वेगात ती प्रत्येक कड्यावर ठेचकाळते. लांब लीडर हवाच असेल तर एफजी गाठ शिका, ती सगळ्यात बारीक बसते. डबल युनी सोपी आहे, पण जाड होते. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार. आवळताना गाठ ओली करायला विसरू नका, कोरडी आवळली की घर्षणाने फ्लुओरोकार्बन भाजतो आणि नेमका मासा लागल्यावर तुटतो.

प्रश्न: ब्रेड घेतला, लांब जातोय, पण आठ-दहा फेकींत एकदा असला गुंता होतो की कात्रीच लागते. लाइन खराब लागली का?
— रंकाळा परिसर

उत्तर: लाइन बरी असेल. गुंता होतो तो स्पूलवर सैल पडलेल्या वेढ्यामुळे. पुढच्या फेकीत वरचा वेढा खालच्या सैल वेढ्याला सोबत ओढून नेतो. जड ल्युअर ओढताना लाइन आपोआप ताणलेली राहते, दोन ग्रॅमच्या स्पिनरला तो ताण देता येत नाही, म्हणून हलक्या ल्युअरवाल्यांचा हा नेहमीचा आजार आहे.

स्पूल काठोकाठ भरू नका. नायलॉन काठापर्यंत चालतो, बारीक ब्रेड काठाच्या दीड-दोन मिलिमीटर खाली थांबवा. ब्रेड भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरा आणि स्पूलवर आधी चिकटपट्टीचा एक वेढा घ्या, नाहीतर सगळी लाइन स्पूलवरच घसरते आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडला असं वाटतं.

ल्युअर पाण्यावर पडायच्या जरा आधी बोट स्पूलच्या काठाला हलकेच लावा म्हणजे लाइन सरळ होते. मग बेल (रिळावरची लाइन धरणारी तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही. हँडलने बंद केली की अर्धा वेढा सैल पडतो. बेल बंद केल्यावर लाइन चिमटीत धरून एकदा ताणा आणि पहिली दहा-बारा वेटोळी चिमटीतूनच ओढा. वाऱ्याच्या दिवशी हे नेमाने करा. ब्रेड पाण्यापेक्षा हलका असतो, वारा त्याला आडवा उचलून पोट काढतो, म्हणून तेव्हा रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवायचं.

तरीही गुंता झाला तर झटका देऊ नका. ड्रॅग सैल करा, फासे नखाने नाही तर गळाच्या टोकाने सोडवा. निम्मे गुंते सुटतात.

प्रश्न: माझा जुना फायबरग्लासचा रॉड आहे. आता कार्बन घ्यावा म्हणतोय. दुकानात २४ टन, ३० टन, ४० टन असं सांगतात. जास्त टन म्हणजे जास्त मजबूत का?
— शिरोळ

उत्तर: उलट. टन हा कार्बनच्या ताठरपणाचा आकडा आहे, मजबुतीचा नाही. धागा जितका ताठ तितका कमी मालात रॉड बनतो, म्हणून तो हलका आणि तरतरीत होतो, पण भिंत पातळ होते. ४० टनी रॉड बंधाऱ्याच्या कठड्यावर आपटला की त्याला न दिसणारा ओरखडा जातो आणि महिन्याभराने छोट्याशा माशाला तो तिथून मोडतो. नदीकाठच्या धसमुसळ्या वापराला २४ ते ३० टन पुरे.

तुमचा ग्लासचा रॉडही फेकून देऊ नका. ग्लास हळू वाकतो आणि हळू सरळ होतो. तीन-चार ग्रॅमचे क्रँकबेट आणि स्पिनर त्याने छान जातात. टोकाकडून येणारी बारीक खबर मात्र हाताला कमी लागते.

कार्बन घेतलाच तर एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा: कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे नदीकाठ म्हणजे उपसा पंपांची रांग, मोटारींच्या पेट्या आणि खाली लोंबलेल्या तारा. साडेसहा फुटांचा रॉड उभा धरला की तो तुमच्या डोक्याच्या बराच वर जातो. तारेखाली रॉड उभा करायचा नाही, फेकायचं तर नाहीच, आणि आभाळ गडगडायला लागलं की रॉड जमिनीवर आडवा ठेवून काठ सोडायचा. ल्युअर तारेला अडकला तर तो तारेचा झाला असं समजा.

प्रश्न: हिरण्यकेशीवर बेटकास्टिंग रिळाने दोन-तीन ग्रॅम टाकता येईल का? व्हिडिओत जपानी लोक लीलया टाकतात.
— गडहिंग्लज

उत्तर: येईल, पण साध्या बेटकास्टिंग रिळाने नाही. स्पिनिंग रिळात स्पूल जागेवर असतो आणि लाइन सुटत जाते. बेटकास्टिंगमध्ये ल्युअरला अख्खा स्पूल फिरवावा लागतो. साधा स्पूल लाइनसकट ल्युअरच्या कितीतरी पट जड असतो. त्याला सुरुवातीला गती द्यायलाच दोन ग्रॅमचा जीव जातो, आणि एकदा फिरला की तो थांबत नाही, म्हणून लाइन फुगते.

जपानमध्ये यासाठी बेट फिनेस म्हणून वेगळीच रिळं निघाली. त्यांचा स्पूल पातळ अॅल्युमिनियमचा, भोकं पाडलेला आणि उथळ असतो, बेअरिंग बारीक असतात आणि त्यावर ४०–५० मीटरच लाइन भरतात. जास्त भरली की केलेला सगळा खर्च पाण्यात. रॉडही त्याच जातीचा, रेग्युलर ॲक्शनचा लागतो. अचूकता सुरेख मिळते: झाडाच्या मुळाशी, दगडाच्या आडोशाला ल्युअर अंगठ्याने थांबवून ठेवता येतो. पण दोन ग्रॅमला अंतर स्पिनिंगइतकं मिळत नाही आणि वारा समोरून असेल तर फारच चिडचिड. पहिला हलका सेट घेत असाल तर स्पिनिंगच घ्या.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या १–५ ग्रॅमच्या रॉडचं टोक पाऊण वीत मोडलं. मासा तर अर्ध्या किलोचाच होता. माल खराब म्हणून परत करू का? का दुरुस्त होतो?
— कागल

उत्तर: मोडलं तेव्हा रॉड कसा धरला होता ते आठवा. मासा पायाशी आला आणि रॉड खांद्याच्या मागे गेला असेल, तर सगळा बाक शेवटच्या वीतभर शेंड्यात येतो. हलक्या रॉडांचे बहुतेक मृत्यू असेच होतात. मूठ आणि लाइन यांच्यातला कोन काटकोनापेक्षा फार वाढू द्यायचा नाही. मासा जवळ आला की लाइन कमी गुंडाळा, मागे सरका किंवा जाळी वापरा. मासा रॉडने उचलून काठावर घ्यायचा नाही.

दुसरं कारण अडकलेला ल्युअर. बंधाऱ्याच्या खाली दगडांत, कधी पडून राहिलेल्या बरग्यांत (बंधाऱ्याच्या फळ्यांत) गळ रुततो आणि माणूस रॉड वाकवून हिसके देतो. तसं न करता रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरा, स्पूल तळहाताने दाबा आणि मागे चालत जा. तुटली तर लीडरला तुटेल. लाइन हाताला गुंडाळू नका, बारीक ब्रेड कातडी कापतो.

तिसरं, ड्रॅग. सहा पौंडी लीडर म्हणजे २.७ किलो. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, ७०० ते ९०० ग्रॅमला सुटला पाहिजे. सामान तोलायच्या स्प्रिंग काट्याला लाइन अडकवून एकदा बघून ठेवा. हाताच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेकांचा दुप्पट घट्ट असतो.

दुरुस्ती होते. मोडलेली कड बारीक पॉलिश कागदाने सपाट करा, तिथला बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि तेवढ्याच नळीचं टोकाचं गाइड आणा. हॉट-मेल्ट गोंद लायटरवर वितळवून टोकावर लावायचा, गाइडची नळी किंचित तापवून चढवायची आणि गोंद थंड व्हायच्या आत बाकीच्या गाइडांच्या रेषेत फिरवायची. ज्योत रॉडला लावू नका, आतली राळ जळते. झटपट चिकटणारा गोंदही नको, पुढच्या वेळी गाइड निघता निघत नाही. मात्र पाऊण वीत गेल्यावर तो रॉड १–५ चा राहिलेला नाही. शेंड्याचा सगळ्यात मऊ भाग गेला. आता त्याच्यावर चार-सहा ग्रॅम टाका, चालेल.

प्रश्न: याच हलक्या रॉडवर मरळ धरली तर? आणि राधानगरीला टाकायचं म्हणतोय.
— कळंबा

उत्तर: मरळ नको. ती गवतात आणि जलपर्णीत असते, लागली की तिथेच शिरते आणि तिला बाहेर ओढायला ताठ रॉड आणि जाड ब्रेड लागतो. हलक्या सेटवर लाइन तुटते आणि तोंडात गळ घेऊन मासा मरतो. हलका सेट चिलापी, लहान शिंगटी आणि मोकळ्या वाहत्या पाण्यातल्या बारीक शिकारी माशांसाठी. पाणीही निवळलेलं हवं. पावसाळ्यात पंचगंगा तांबडी झाली की दोन ग्रॅमचा ल्युअर माशाला दिसतच नाही. महसीर लागला तर ओल्या हातांनी, पाण्यातच गळ काढून सोडून द्या.

राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही, मग रॉड हलका असो की जड. बाकीचे तलाव आणि जलाशय बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतात. तिथे आधी संस्थेला विचारा, नाहीतर वाद ठरलेला.

प्रश्न: दोन तुकड्यांचा साडेसहा फुटी रॉड मोटारसायकलवरून वेदगंगेला न्यायचा असतो. कापडी पिशवीत नेला तर गाइड वाकतात. काय करू?
— गारगोटी

उत्तर: शेतीच्या पाइपलाइनचा ६३ मिमी पीव्हीसी पाइप ११० सेंटिमीटर कापून घ्या. रॉडचा प्रत्येक तुकडा साधारण १०२ सेंटिमीटर असतो. खाली टोपण सोल्युशनने पक्कं चिकटवा, वर चढ-उतर होणारं. दोन्ही टोपणांत आतून फोमचा तुकडा आणि बुडाला दोन-तीन बारीक भोकं, म्हणजे ओला रॉड घातला तरी पाणी साचणार नाही. दोन्ही तुकड्यांचे गाइड विरुद्ध दिशांना ठेवून, दोन ठिकाणी कापडी पट्टीने बांधून आत घाला. शेंडा नेहमी चिकटवलेल्या टोपणाच्या उलट बाजूला, नाहीतर पाइप आपटला की पहिला मार त्यालाच. पाइप गाडीच्या कडेला आडवा, चाकापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. उन्हात गाडी उभी करून जाणार असाल तर पाइप सावलीत काढून ठेवा. तापलेल्या पाइपात जोड फुगत नाही, पण टोकाचा हॉट-मेल्ट गोंद मऊ पडून गाइड फिरतं.